उजवा हात आठ, डावा हात नऊ

सिद्दिका आब्लांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं: ते गाणं कुणा एकाचं नव्हतं. एवढं झालं की आपल्या पदरात काय काय पडणार, याची मोजदाद पेरिहानने ईदच्या आदल्या दिवशी बोरेकची पोळी लाटता लाटताच करून ठेवली होती.

पहिलं म्हणजे, नवऱ्याच्या पियानो-रचनांच्या पुस्तकाची जी प्रूफं अंकाराहून आली होती त्यांतल्या तिसऱ्या रचनेच्या पानावर, डाव्या कोपऱ्यात जी बारीक ओळ होती ती जाणार होती. 'मूळ गायक: शेवकेत कारातेके, दिरमिल, १९३८.' ओळ गेली की पानावर नाव उरणार एकच, ठळक, हिकमेत कारातेके. आणि त्याखाली तिरक्या अक्षरात, 'पेरिहानला'. दुसरं म्हणजे, शेवकेत आबींना, म्हणजे थोरल्या दिराला, यापुढे कुणाच्याही लग्नात उभं राहून, "ती रचना माझीच हो, धाकट्याने नुसती पियानोच्या पेटीत भरली," असं सांगता येणार नव्हतं. तिसरं, 'कारातेके यांनी गावगाण्याला पियानोचा साज चढवला' असं लिहिणाऱ्या विद्वानांना 'साज चढवला' खोडून 'रचना केली' असं लिहावं लागणार होतं.

चौथा लाभ तिने मोजला नव्हता, पण सगळ्यांत जड तोच. दोन वर्षांपूर्वी हिकमेत गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला त्याच्या गावी, दिरमिलच्या डोंगरावर, आईशेजारी पुरलं. चाळीस वर्षं संसार करून पेरिहानच्या वाट्याला आलं इझमिरचं समुद्रकाठचं रिकामं घर, आणि नवरा मात्र कारातेक्यांकडे परत गेला. कबर त्यांना गेली, जाऊ दे. निदान तिसरी रचना तरी पुरती आपली असावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. हे मागणं फार आहे असं तिला वाटत नव्हतं.

म्हणून तर यंदा दिराला आणि नणंदेला ईदचं बोलावणं गेलं. एरवी चाळीस वर्षांत या घरातून त्यांच्या बुरदुर जिल्ह्यात गेलेली बोलावणी एका हाताच्या बोटांवर मोजावीत, आणि तीही अंगठा दुमडून.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोघं आली. शेवकेत आबी शहात्तर वर्षांचे, जमीन-नोंदणी कचेरीतून निवृत्त, बसच्या प्रवासातही टायची गाठ हललेली नाही. त्यांच्या दारावरच्या पाटीवर नावाखाली 'लोकगीत गायक' असं पितळी अक्षरांत लिहिलं होतं. कचेरीतला हुद्दा त्याखाली, बारीक. त्यांच्यामागून सिद्दिका आब्ला, पंच्याऐंशी वर्षांच्या, एका हातात तारहानाची, सुकवलेल्या दही-पिठाच्या सुपाची, पिशवी, दुसऱ्या हातात अक्रोडाच्या मिठाईचा डबा, आणि दोन्हींपैकी काहीही कुणाला धरू द्यायला तयार नाहीत. थोरली बहीण म्हणून सगळी त्यांना आब्ला म्हणत. त्यांच्याहून थोरलं आता कुणी उरलंच नव्हतं.

"नवरी, वाळलीस गं," त्या दारातच म्हणाल्या.

चौसष्ट वर्षांच्या बाईला नवरी म्हणणारं माणूसही जगात आता एवढं एकच होतं. पेरिहानने हात चुंबून कपाळाला लावला, तळहातांवर लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओतलं, बसवलं, चहा आणला. बोरेक पुढे केला.

"पालक घातलाय वाटतं," शेवकेत आबी पापुद्रा उलगडून पाहत म्हणाले. "आमच्याकडे खसखस घालतात."

"तुमच्याकडे चहातही घालत असतील, आबी."

"घातली तर वाईट लागणार नाही," ते म्हणाले, आणि तिसरा तुकडा उचलला.

बेरिन तेवढ्यात आतून प्रूफांची चळत घेऊन आली. पेरिहानची एकुलती लेक, संगीतशाळेत पियानो शिकवणारी, वडिलांची भुवई आणि आईची जीभ घेऊन जन्मलेली. सोमवारच्या टपालाने प्रूफं परत जायची होती. सात रचनांचं पुस्तक, हिकमेतचं आयुष्यभराचं काम. सहांवर कुणाचा वाद नव्हता.

"आधीच सांगते," बेरिन म्हणाली, "मी काकांच्या बाजूने आहे."

"माझी गुणाची पोर!"

"गुणाची वगैरे नाही, काका. मी अंकाराला जाऊन अडतीस सालच्या ध्वनिमुद्रणाची ती जुनी तबकडी ऐकून आलेय. आवाज तुमचाच आहे. मध्ये एकदा खोकलात, तेसुद्धा तुमचंच. तबकडीवर आहे ते पानावर नाही म्हणणं म्हणजे खोटं छापणं."

"खोकला धुळीचा होता," आबी म्हणाले. "ट्रकने केवढी धूळ उडवलेली! सरकारी ट्रक, त्यात तबकड्या कापायचं यंत्र, अंकाराचे तीन साहेब आणि चौथा आपला हिकमेत, हातात वही. गाणं बायकांचं. परक्या पुरुषांपुढे कोण बाई गाणार? मग काय, सरकारचं यंत्र रिकाम्या हाताने परत धाडायचं? आब्लाने आदल्या दिवशी मला बोटांवर ठोके मोजून शिकवलं, मी उभा राहिलो आणि गायलो. आता कायदा सांगतो. जमीन कुणाची? ज्याच्या नावावर नोंद त्याची."

"आणि पत्र कुणाचं, आबी?" पेरिहान गोड आवाजात म्हणाली. "आणून देणाऱ्या पोस्टमनचं?"

"पोस्टमनशिवाय पत्र पोचतं का?"

"पोचत नाही. म्हणून तर आपण त्याला ईदला मिठाई देतो. पत्राखाली सही करायला देत नाही."

बेरिन हसली आणि लगेच गंभीर झाली; आपण कुणाच्या बाजूने आहोत हे तिला आठवलं. आबींनी टायची गाठ चाचपली. पेरिहानने ही वेळ बरोबर साधली. खुर्ची नणंदेकडे वळवून, चहाचा पेला त्यांच्या हातात नीट देऊन तिने विचारलं, "आब्ला, तुम्हीच सांगा. ते गाणं होतं तरी कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे?" सिद्दिका आब्लांना प्रश्नच कळेना. "पोरींचं. कुरणावर शेळ्या राखणाऱ्या. माझ्याआधी मावशीला यायचं, तिच्याआधी कुणाला ते अल्लाला माहीत. पोरगी या डोंगरावर, मैत्रीण त्या डोंगरावर, मध्ये दरी. हाक पोचत नाही. मग गळ्यावर असा अंगठा दाबायचा आणि गायचं, म्हणजे आवाज थरथरत जातो, बासरीसारखा. गळा वाजवणं म्हणतो आम्ही. कुणाचं कसं असेल ते? वाऱ्याचं म्हण."

पेरिहानने श्वास सोडला. मागितलं होतं त्याहून चांगलं वाक्य मिळालं होतं. तिने लाल पेन्सिल उचलली.

"ऐकलंस, बेरिन? कुणा एकाचं नव्हतं. तबकडी आपल्या जागी. पानावर मात्र..."

"थांब नवरी," आब्ला म्हणाल्या. "ज्याच्यावरून भांडताय ते मला ऐकवाल की नाही?"

"तुम्ही ऐकलं नाही कधी?" बेरिनला खरंच वाटेना.

"कुठे ऐकणार? रेडिओवर लागायचं, तर शेवकेत शेजारी बसून 'हे माझं, हे माझं' म्हणत राहायचा. हिकमेत गावात यायचा तेव्हा पेटी थोडीच आणायचा."

बेरिन पियानोवर बसली.

या रचनेपायी संगीतशाळेतली पोरं रडतात, ते उगीच नाही. उजव्या हातात गाणं, आठ ठोक्यांचं. डाव्या हातात गाणं असं नाहीच. खालच्या पट्टीत एक धडधड आणि तिच्या पोटात एक थरथर, नऊ ठोक्यांची. दोन्ही हात एकत्र निघतात आणि पहिल्याच फेरीला उजवा एक पाऊल पुढे निसटतो. मग दोन, मग तीन. एकाच रस्त्याने निघालेली दोन माणसं भांडून लांब लांब व्हावीत तसं होत जातं, आणि वाजवणाऱ्याच्या कपाळावर घाम. बरोबर बहात्तराव्या ठोक्याला दोघं पुन्हा एका दारात उभी. हिकमेतने ही १९४४ साली लिहिली, आणि पहिल्यांदा वाजवली ती पेरिहानने, अंकाराच्या थंडीत, बोटांवर फुंकरा मारत.

चार फेऱ्यांतच सिद्दिका आब्ला हसायला लागल्या. आधी ओढणीआड, मग उघड, मग चहा सांडेल इतक्या.

"अगं बाई, अजून लंगडतंच आहे!"

बेरिनने हात उचलले. "काय लंगडतंय, आत्या?"

"ते वरचं गाणं. शेवकेत, आता या वयात तुझ्यापासून काय लपवू. तुला मी एक ठोका कमी शिकवला होता."

शेवकेत आबींचा चौथा बोरेक वाटेतच थांबला. "कमी म्हणजे?"

"नऊचं गाणं. तुला आठच दिले. शेजारणीला लोणचं सांगताना एक जिन्नस गाळतात ना, तसं. चार बाप्ये यंत्र घेऊन आले, म्हणाले गाणं नेतो. न्या म्हटलं, सरकार आहे. पण सगळंच्या सगळं कशाला? मला वाटलं, कुणीतरी मोजेल, चूक काढेल, परत येईल. मग बघू. कुणी आलंच नाही!"

"सेहेचाळीस वर्षं..." आबी म्हणाले.

"हो रे."

"सेहेचाळीस वर्षं मी प्रत्येक लग्नात उभा राहून..."

"तू गायचास आणि बायका ओढणीआड हसायच्या. तुला वाटायचं, खूश झाल्या. झालेल्याच असायच्या म्हणा."

बेरिनने ओठ दाबून धरले. पेरिहानने मात्र मनातल्या मनात बेरीज पुरी केली. आता तर दावाच बुडाला. गाणं कुणाचंच नव्हतं, आणि जो आपलं म्हणत होता त्याने चुकीचं गायलेलं. आबी खिडकीबाहेर समुद्राकडे बघत होते. टायची गाठ प्रथमच एका बाजूला गेली होती. तिला जरा दया आली, पण पेन्सिल खाली ठेवण्याइतकी नाही.

"पुन्हा वाजव," सिद्दिका आब्ला म्हणाल्या. त्यांचं हसू कधी विझलं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "वरचं नको. खालचं. तेवढंच."

बेरिनने डावा हात एकटा वाजवला. आब्लांची बोटं तांब्याच्या तबकाच्या काठावर आली आणि बरोबर वाजू लागली. एकही ठोका मागे नाही की पुढे नाही. दुसऱ्या हाताचा अंगठा आपसूक गळ्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"हा नववा आहे," त्या म्हणाल्या. "हा मी कुणाला दिला नव्हता."

"बाबांनी रचला, आत्या. सगळे तेच लिहितात. उजवा हात गावाचा, डावा हात कारातेक्यांचा. त्यांची सगळ्यांत मोठी कल्पना म्हणतात ही."

"हे रचत नाहीत, पोरी. कुणाकडून तरी घेतल्याशिवाय येत नाही." त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला. "त्याला कुणी दिलं? मी तर नाही. तो चालायला-बोलायला लागल्यावर त्याच्यापुढे मी कधी गळा वाजवला नाही, मुलगा ना तो. म्हणजे उम्म्युहानने, त्या डोंगरावरच्या माझ्या मैत्रिणीने. दुसऱ्या कुणाला वाजवता येतच नव्हतं तोवर, बाकीच्यांनी नुसतं ऐकलेलं. नववा कुणाला द्यायचा नाही अशी आम्ही दोघींनी शपथ घेतली होती, मीठ-भाकरीवर हात ठेवून. ती मरेपर्यंत मी तिला विश्वासाची समजत होते." त्या म्हणाल्या, "तिच्या कबरीवर दर शुक्रवारी पाणी घालते मी."

खालून आइस्क्रीमवाल्याची घंटा गेली.

आता पेरिहानचं. तिला उत्तर माहीत होतं. जगात तेवढं तिलाच माहीत होतं, आणि अर्ध्या मिनिटापूर्वीपर्यंत तिलाही आपल्याला काय माहीत आहे ते माहीत नव्हतं.

चव्वेचाळीसचा हिवाळा. कोळसा मिळत नव्हता, नवरा-बायको एका रजईत. दिवसभर ती डाव्या हाताशी झगडायची आणि हिकमेत, जो महिन्यातून एखादं लांब वाक्य बोलायचा, मागे उभा राहून म्हणाला होता: "कानाने नको वाजवूस. कुणाच्या पाठीला कान लावल्यावर आतून ऐकू येतं ना, तसं वाजव." रात्री झोपेत तो तिच्या पाठीला कान लावून पडायचा. लहान मुलासारखा. पेरिहानने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि त्या जोडणीवर चाळीस वर्षं काढली. या माणसाने कधी प्रेमपत्र लिहिलं नाही, लग्नाची तारीख लक्षात ठेवली नाही, पण डावा हात माझ्या पाठीवरून लिहिला. 'पेरिहानला' ही तिरकी अक्षरं ती तशीच वाचत आली होती. बेरिनलाही हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितल्याने झिजलं असतं.

गप्प बसायला काहीच लागणार नव्हतं. ओळ खोडली जाणार होती, रचना पुरती हिकमेतची होणार होती, आणि पाठ तिची राहणार होती. सगळा लाभ एका रकान्यात. दुसऱ्या रकान्यात काय, तर एका म्हातारीचं मन आणि एका मेलेल्या बाईचं नाव.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"आब्ला, आई गेल्या तेव्हा हिकमेत केवढा होता?"

"सहा दिवसांचा."

"मग त्याला वाढवला कुणी?"

"मी, आणखी कोण? तेरा वर्षांची होते. शेळ्या कुणी सोडायच्या, मग हा पाठीला बांधलेला. तीन वर्षं. खाली ठेवला की भोंगा. शेवकेत चार वर्षांचा, तो माझ्या झग्याला धरून. चालतं-बोलतं बिऱ्हाड होतं माझं."

"आणि गळा वाजवायचात तेव्हा हिकमेत कुठे असायचा?"

"कुठे असणार, पाठीव..."

सिद्दिका आब्लांचा हात आपल्याच पाठीमागे गेला.

मग पेरिहानने सांगितलं. रजईचं सोडून सगळं सांगितलं. आणि अर्ध्यावर आल्यावर रजईचंही सांगितलं, कारण त्याशिवाय वाक्य उभं राहीना. "उम्म्युहानने काही दिलं नाही, आब्ला. तुम्हीच दिलंत. त्याला बोलता येत नव्हतं तेव्हा."

म्हातारीने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं नाही. डोळे तसेच वाहू दिले. मग म्हणाल्या, "शेवकेत, बाल्कनीत जा."

"मी? का?"

"तू पुरुष आहेस म्हणून."

"आब्ला, मी शहात्तर वर्षांचा आहे!"

"शहात्तर वर्षांचा पुरुष आहेस. जा. आणि दार ओढून घे."

ते गेले. एक तुकडा बरोबर घेऊन गेले, पण मान खाली घालून. आब्ला कोचावर आडव्या वळल्या आणि पाठ पेरिहानकडे केली. "ये नवरी. कान लाव."

पेरिहान गुडघ्यांवर बसली. लोकरीच्या बंडीला धुराचा आणि शेळीच्या दुधाचा वास होता. तिने कान टेकवला. आब्लांनी गळ्यावर अंगठा दाबला आणि गायल्या. बाहेरून ऐकणाऱ्या बेरिनला एक फाटका, पंच्याऐंशी वर्षांचा आवाज ऐकू आला, वरच्या सुरांना न पोचणारा. पेरिहानला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. पाठीतून गाणं येतच नव्हतं. येत होती फक्त धडधड, आणि तिच्या पोटात थरथर. नऊ. पुन्हा नऊ. म्हणूनच डाव्या हाताला चाल नव्हती. चाल दरीपलीकडच्या मैत्रिणीला जात होती. पाठीवरच्या पोराला मिळायचं ते एवढंच. त्याने तेवढंच लिहिलं होतं. एक स्वरही पदरचा घातला नव्हता.

गाणं थांबलं तरी तिने कान काढला नाही.

"चाळीस वर्षं मला वाटत होतं," ती बंडीलाच सांगत होती, "की ती पाठ माझी."

सिद्दिका आब्ला वळल्या. तिची हनुवटी दोन बोटांनी उचलून बघितली, आजारी शेळीची बघतात तशी.

"मी त्याला तीन वर्षं वाहिला. तू चाळीस. तू शहरातली आहेस, तुला हिशेब येतो. कुणाची पाठ जास्त दुखली ते कर. त्याला शाळामास्तर शहरात घेऊन गेला तेव्हा गाव म्हणालं, पोर गेलं. तुझ्याशी लग्न केलंन तेव्हा म्हणाले, आता उरलंसुरलंही गेलं, पियानोवाली सगळं विसरायला लावील. आणि तू काय करत होतीस? थंडीत बसून माझी पाठ वाजवत होतीस. अल्ला तुझं भलं करो, नवरी. तुझे हात दुखू नयेत कधी."

बेरिन पियानोकडे तोंड करून बसली होती आणि पट्ट्यांवरची नसलेली धूळ पुसत होती.

बाल्कनीच्या काचेवर टकटक झाली. "मी येऊ का? इथे वारा आहे."

"ये," आब्ला म्हणाल्या.

शेवकेत आबी आत आले ते काहीतरी ठरवूनच आले होते. उभ्यानेच, कचेरीत निवेदन द्यावं तशा आवाजात, बाईसाहेब म्हणावं तसं नावापुढे 'हानम' लावून म्हणाले, "पेरिहान हानम, माझं नाव काढून टाका. नोंद चुकीची आहे. चुकीच्या नोंदीवर मी हक्क सांगत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोडल्या, आज माझी."

सकाळी हे वाक्य मिळालं असतं तर पेरिहानने त्यांच्यासाठी बोरेकात खसखस घातली असती. आता ती म्हणाली, "बसा, आबी. नाव राहणार."

"पण मी चुकीचं गायलोय!"

"चुकीचं गायलात म्हणूनच. बरोबर गायला असतात तर दोन्ही हात नऊ-नऊ चालले असते, शेजारी शेजारी, शहाण्यासारखे. त्यात लिहिण्यासारखं काय होतं? ते दोघं एकमेकांपासून लांब जातात आणि परत येतात, तीच तर रचना आहे. तो आठचा आकडा तुमचा आहे. हिकमेतला खरं गाणं अंगात ठाऊक होतं, तरी त्याने तुमची चूक दुरुस्त केली नाही. जशीच्या तशी उजव्या हातात ठेवली. मी कोण दुरुस्त करणार? तुमच्या चुकीबद्दल आभार मानते, आबी."

आबींना हे आभार घ्यावेत की रागवावं ते कळेना. मग त्यांनी विचारलं, "छापील मानणार?"

बेरिन इतकी हसली की तिला नाक शिंकरावं लागलं.

ओळ नव्याने लिहायला बसले तेव्हा अडलं आब्लांपाशी. "माझं नाव नको. पंच्याऐंशीव्या वर्षी गाव म्हणेल, सिद्दिका पुरुषांपुढे गायली."

"तुम्ही गायलातच नाही ना पुरुषांपुढे," बेरिन म्हणाली. "जे झालं तेच लिहू." आणि तिने आईच्या लाल पेन्सिलीने, जुनी ओळ खोडून, तिच्या जागी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "उजवा हात: शेवकेत कारातेके यांच्या गळ्यातून. डावा हात: थोरली बहीण सिद्दिका हिच्या पाठीवरून."

आब्लांनी विचार केला. "पाठ काय, सगळ्या गावाने बघितलीय माझी. घाल."

"अंकारावाले म्हणतील, असं कुणी छापत नाही," पेरिहान म्हणाली.

"म्हणू देत," बेरिन म्हणाली. "मी सांगेन, घरच्यांनी मोजून बघितलंय."

पान चळतीत गेलं. जेवणं झाली. दुपारच्या उन्हात सिद्दिका आब्ला कोचावरच कलंडल्या, आणि शेवकेत आबी खुर्चीत बसून, ओठ न उघडता, बोटांवर नऊ मोजायला शिकू लागले. दरवेळी आठाशी अडखळत होते.

आता कुणी काय भरलं ते. शेवकेत आबींनी सेहेचाळीस वर्षांचं बरोबर असणं भरलं. आब्लांनी जपून ठेवलेला एक ठोका भरला. पण तो त्यांच्या पाठीवरून कधीच गेलेला होता, तेव्हा तो धरायचा की नाही यावर वाद होऊ शकतो. हिकमेतच्या नावावर विद्वानांनी लिहिलेली सगळ्यांत मोठी कल्पना वजा झाली, पण ती आपली आहे असं त्याने स्वतः कधी म्हटलंही नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बेरिनला तिचं खरं छापायला मिळालं, वर नवं ऐकायलाही मिळालं, तिने काही भरलं नाही. राहिली पेरिहान. चारांपैकी एकही लाभ तिच्या पदरात पडला नाही, आणि ज्याच्यावर चाळीस वर्षं काढली ती पाठही गेली. सगळ्यांत जास्त तिनेच भरलं. आणि भरून झाल्यावर, झोपलेल्या नणंदेच्या मानेखाली उशी सरकवताना, हळूच, कुणी ऐकेल म्हणून नव्हे, तीच म्हणाली, "आलात ते फार बरं केलंत, आब्ला."